राजचा रुंज

३ फेब्रुवारी

लेखकाने रोज काहीतरी लिहिलं पाहिजे, असं ड्रॅगनदादा म्हणतात. मला लेखिका होऊन अजून अर्धा दिवसही झालेला नाही, पण शिस्त पहिल्या दिवसापासून असलेली बरी. म्हणून ही दैनंदिनी.

तर, माझी कादंबरी आज सकाळी नेटवर विक्रीला लागली. 'काळ्या दाराचं राज्य'. प्रकाशक मीच, वितरक मीच आणि जाहिरात विभागही मीच. "जादू, ड्रॅगन वगैरे मोठी माणसं कुठे वाचतात?" असं म्हणून प्रकाशकांनी परत पाठवलेलं हे बाड आता कुणालाही फोनवर वाचता येईल. दिवसभर मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करते. मेणात दात बसवायचे, साचा ओतायचा, घासून चकाकी आणायची. हात गुंतलेले असतात आणि डोकं मोकळं, त्या मोकळ्या डोक्यात ही सगळी कादंबरी घडली. मालकीणबाईंना बातमी सांगितली तर म्हणाल्या, "वा, छान. खालच्या दातांची पट्टी झाली का?"

'उडता गालिचा' हा आमचा नेटवरचा लेखक-वाचकांचा गट. तिथे खऱ्या नावाने कुणी वावरत नाही. ड्रॅगनदादांची पाच खंडांची मालिका आहे, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. मला सगळे दाढताई म्हणतात, कारण आल्या आल्या मी एकाच्या ड्रॅगनच्या दाढांवरून भांडले होते. काल अगदी शेवटच्या क्षणी दादांनी लिहिलं, "ताई, नायकाचं नाव राज? अहो, प्रत्येक मालिकेत एक राज असतो. असं नाव ठेवा की कुठल्या हजेरीपटात सापडणार नाही." खूप विचार करून 'रुंज' ठेवलं. आता एवढी पानं हाताने कोण बदलत बसणार? पण कॉम्प्युटरला त्याची सोय आहे. 'राज' शोधा, 'रुंज' घाला, 'सर्व बदला' दाबा. चहा निवायच्या आत काम झालं.

जेवताना सासऱ्यांना सांगितलं. त्यांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. "मुद्रितं कुणी पाहिली?" त्यांनी विचारलं.

"मीच, बाबा."

"लेखकाला स्वतःची चूक दिसत नसते, सूनबाई. मी एकदा नजर टाकली असती."

मी विषय बदलला. घरात येणारा कागद लाल शाईने रंगवल्याशिवाय त्यांना घास जात नाही. पाणी बंद असल्याची सोसायटीची नोटीस त्यांनी तपासून परत फळ्यावर लावली होती. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने मला कार्ड दिलं, त्यातल्या 'प्रेमाने'च्या आधीचा स्वल्पविराम यांनी काढला. अशा माणसाच्या हाती कादंबरी देणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तसं आमच्यात भांडण काही नाही. पण बोलणं म्हणजे औषध घेतलं का, किल्ली कुठे आहे, एवढंच.

नवरा लिफ्ट बसवायच्या कामावर परगावी आहे. फोनवर म्हणाला, "वाचतो गं निवांत." त्याचा निवांत लग्नापासून यायचाय.

५ फेब्रुवारी

तीन प्रती गेल्या. एक माझी, एक नवऱ्याला फोनवरून धमकावून घ्यायला लावलेली. तिसरी कुणाची देव जाणे! पहिला अनोळखी वाचक. कवळी घासताना मी चक्क गुणगुणत होते.

सासऱ्यांनी आज फोनवरची अक्षरं मोठी कशी करायची ते विचारलं. बातम्या वाचायला लागलेत वाटतं. बरंच झालं, वेळ जाईल.

९ फेब्रुवारी

मेले. संपले.

गटावर पेंगुळ नावाच्या बाईंनी विचारलं, "दाढताई, कादंबरी सुरेख आहे, सोडवत नाही. फक्त 'घरुंजवळ' म्हणजे काय?"

मला वाटलं, बाईंचं बोट चुकलं असेल. म्हणून पुस्तक उघडलं. पहिलीच ओळ: 'रुंजा सिंहासनावर विरुंजमान झाला, पण तो नारुंज होता.' दुसरी: 'परुंजयाची बातमी समुद्रुंजवळच्या रुंजवाड्यात पोचली होती.' पुढचं वाचवेना, तरी वाचलं. रुंजकन्या आहे, रुंजीनामा आहे, डोंगरुंजवळ आहे. त्या मेल्या कॉम्प्युटरने नायकाबरोबर जिथे जिथे 'राज' सापडला तिथे तिथे रुंज घातला. राजा, महाराज, पराजय हे तरी कळण्यासारखं. पण 'घराजवळ' या गरीब शब्दात घराचा 'रा' आणि जवळचा 'ज' शेजारी बसतात आणि त्यांच्यामधून राज डोकावतो, हे माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. दाराजवळचं दारुंजवळ झालं. मित्राजवळचं मित्रुंजवळ. मुखपृष्ठ चित्रकाराने वेगळं केलं होतं, त्यामुळे बाहेर 'काळ्या दाराचं राज्य' आणि आत पहिल्या पानावर 'काळ्या दाराचं रुंज्य'.

प्रयोगशाळेत पोट दुखतंय सांगून घरी आले. सासऱ्यांनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिले. "काय झालं?"

"काही नाही."

"पुस्तकाचं काही?"

मग मात्र मला रडू आलं. घडलं ते सगळं भडाभडा सांगितलं. 'मी म्हटलं नव्हतं?' याची वाट पाहत होते. ते काहीच बोलले नाहीत. पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि खोलीत निघून गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

उद्या पुस्तक मागे घेते आणि गटावर माफी मागते. शोभा झाली.

१० फेब्रुवारी

माफी लिहून तयार होती. चिकटवायला गटावर गेले तर कालच्या प्रश्नाखाली कुणीतरी उत्तर देऊन ठेवलेलं. नाव 'काकपद', गटात नवीन. उत्तर इथे उतरवूनच ठेवते:

'सप्रेम नमस्कार. घरुंजवळ हा मुद्रणदोष नसून लेखिकेने योजलेले शब्दयोगी अव्यय असावे. याच पुस्तकात नदीजवळ, विहिरीजवळ, सैन्याजवळ येथे साधे जवळ येते. घर, दार, डोंगर, मित्र यांच्यापाशी मात्र रुंजवळ. जेथे जीव गुंतलेला असतो तेथेच हे रूप लागते, असे दिसते. कळावे.'

त्याखाली पेंगुळबाईंचा रडका चेहरा आणि "किती सुंदर!" मग आणखी चारपाच जणांचं "अरे हो की!"

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. शेवटी मलाच वाटायला लागलं की आपल्या मनात तसंच होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माफी खोडली आणि फक्त एवढंच लिहिलं, "वाचकांनी इतकं बारकाईने वाचलं, भरून पावले."

ही काकपद म्हणजे भाषा शिकणारी कॉलेजातली मुलगी असणार. व्याकरण ताजं आहे आणि स्वभाव लाजरा. तिला लगेच वेगळा निरोप टाकला: "अगं पोरी, तू माझी अब्रू राखलीस. कधी भेटलीस तर तुला आइस्क्रीम." उत्तर आलं, 'आभार. दातांना थंड सोसत नाही.' एवढ्या लहान वयात! दातांची काळजी कशी घ्यायची ते मी सविस्तर लिहून पाठवलं.

सासऱ्यांना विचारलं, "बाबा, काकपद म्हणजे हो काय?"

"मजकुरात शब्द राहून गेला की तो कुठे घालायचा ते दाखवणारी खूण," ते वर न बघताच म्हणाले. "कावळ्याच्या पायासारखी असते."

"एका मुलीने तेच नाव घेतलंय."

"घेऊ दे," म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. वर्तमानपत्र कालचं होतं.

१६ फेब्रुवारी

प्रतींचा आकडा आता मला बोटांवर मोजता येत नाही. गटावर माझ्या भाषेचा शब्दकोश चालू आहे! 'नारुंज' म्हणजे नुसता नाराज नव्हे, तर ज्याच्यावर रागवायचं तोच आवडतो म्हणून आलेली नाराजी. 'परुंजय' म्हणजे असा पराजय, ज्यात जिंकणाराही हरतो. मुखपृष्ठावर राज्य आणि आत रुंज्य का, तर दार ओलांडल्यावर वाचक त्या जगाचा नागरिक होतो म्हणून. हे सगळं मी केलं म्हणे. शंका आली की काकपदला विचारतात आणि ती 'सप्रेम नमस्कार' करून निकाल देते. पोरगी माझ्यापेक्षा माझं पुस्तक जास्त वाचते आहे.

नवऱ्याचा फोन. "अगं, तुझं नाव आमच्या साइटवरच्या इलेक्ट्रिशियनच्या बायकोला माहीत आहे!"

"तू वाचलंस का?"

"वाचतो गं निवांत."

२२ फेब्रुवारी

आज प्रयोगशाळेत एक किस्सा झाला. गेल्या महिन्यात दोन कवळ्यांची अदलाबदल झाली होती. एका आजोबांची दुसऱ्यांकडे गेली. चूक कळल्यावर मालकीणबाईंनी घाबरून दोघांना बोलावलं. पहिले आजोबा कवळी फेकून मारायच्या तयारीत आले. दुसरे मात्र आपल्या चुकीच्या कवळीवर हात ठेवून म्हणाले, "ही मी देणार नाही. हिने मला हसता येतं." मालकीणबाई समजावून थकल्या, हिरडी सोलवटेल, जबडा दुखेल. ऐकतील तर शपथ.

मी हसले खरी, पण घरी येताना रस्ताभर ते डोक्यात घोळत होतं. माझे वाचक मला कादंबरीमुळे मिळाले की चुकीमुळे? चूक काढून टाकली तर त्यांच्यातलं माझं म्हणून कोण उरेल? हा प्रश्न कुणाला विचारायची सोय नाही. काकपदला विचारता आला असता, पण तिच्यापुढे तर मी थोर लेखिका आहे.

२७ फेब्रुवारी

ड्रॅगनदादांचं आमंत्रण. गटाची मोठी ऑनलाइन सभा आहे, आठ मार्चला, आणि त्यात मुख्य वक्ती मी. विषय: 'स्वतःची भाषा कशी घडवावी'. मी 'हो' लिहून पाठवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

१ मार्च

भाषण लिहायला बसले. 'लहानपणापासून मला जवळ हा शब्द अपुरा वाटायचा,' असं वाक्य लिहिलं आणि स्वतःच्याच तोंडाकडे बघवेना. तेवढ्यात दादांचा फोन.

"ताई, एक विचारू? रागावू नका. घराजवळमध्ये राज आहे ना?"

"म्हणजे... तसं पाहिलं तर..."

"सर्व बदला?"

"सर्व बदला," मी म्हटलं.

मग ते म्हणाले, "तिसऱ्या खंडात मी 'वाघ'चा 'व्याघ्र' केला. पान बावन्नवर नायिकेची आजी देवाघरी जायच्या ऐवजी 'देव्याघ्ररी' जाते."

"मग काय झालं?"

"काहीच नाही. तिसऱ्या खंडाच्या बावन्नाव्या पानापर्यंत कुणी पोचलेलंच नाही." त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "तुमचं पुस्तक लोक वाचतायत, ताई. बोलू नका कुणाला. ही मजा रोज मिळत नाही."

पहिल्यांदाच मला त्या माणसाबद्दल माया वाटली. त्यांचा तिसरा खंड मागवला.

४ मार्च

आज काकपदचा निरोप आला. 'एक शंका आहे. मित्रुंजवळ, घरुंजवळ, दारुंजवळ, सर्वत्र रुंजवळ आहे. मात्र अकराव्या प्रकरणात रुंज रोज संध्याकाळी म्हाताऱ्या द्वारपालापाशी येऊन बसतो, तेथे म्हाताऱ्याजवळ असे साधे रूप आहे. त्या म्हाताऱ्यावर त्याचा जीव नव्हता काय?'

माझं डोकं सभेच्या काळजीने आधीच भणभणलेलं. 'म्हाताऱ्या'मध्ये 'रा' सुटा येत नाही, 'र'ला 'या' जोडलेला, म्हणून तिथे राज सापडला नाही, हे हिला कसं सांगणार? खटकन लिहून टाकलं, "अगं, फार विचार नको करूस. तो म्हातारा फक्त दार उघडायला आहे. घरात एक असतो, तसा."

पाठवल्यावर वाटलं जरा तुटक झालं. उत्तर आलं नाही. मुलींना परीक्षा असतात या दिवसांत.

सासरे आज जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले. ताट झाकून ठेवलं. उद्या डॉक्टरांना विचारते.

५ मार्च

डॉक्टर म्हणाले, पोटाला काहीही झालेलं नाही.

६ मार्च

काकपद गप्प. गटावर लोक तिला शोधतायत. मलाही चुकल्याचुकल्यासारखं होतंय. एका न पाहिलेल्या पोरीची इतकी सवय व्हावी? घरातही सामसूम. सासरे वर्तमानपत्रातल्या चुकासुद्धा दाखवत नाहीयेत. आज पहिल्या पानावर एवढी ठळक चूक होती, मीच त्यांना दाखवली. "असेल," एवढंच म्हणाले.

८ मार्च

झाली सभा. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पडद्यावर चेहऱ्यांचे चौकोन. बऱ्याच जणांनी कॅमेरा बंद ठेवलेला, नुसती नावं. त्यात 'काकपद' दिसलं आणि मला धीर आला. दादांनी माझी ओळख करून दिली, इतकी मोठी की ती बाई मी नसून आणखी कुणी असावी असं वाटलं. मी भाषण सुरू केलं. 'लहानपणापासून मला जवळ हा शब्द अपुरा वाटायचा' हे वाक्य न अडखळता गेलं. अशी आणखी तीनचार गेली. खोटं बोलणं अवघड नसतं, वेग मिळाला की झालं.

मग पेंगुळबाईंनी हात वर केला. थकलेला चेहरा, मागे इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. म्हणाल्या, "ताई, माझा मुलगा बोटीवर कामाला आहे. फोनवर आम्ही काय बोलणार? जेवलास का, झोपलास का. त्याला 'आठवण येते' म्हणायची लाज वाटते, मलाही. तुमचं पुस्तक दोघांनी वाचलं. परवा त्याने विचारलं, आई, घरुंजवळ काय चाललंय? बस, तेवढंच. मला सगळं कळलं. हा शब्द तुम्हाला कसा सुचला ते सांगा ना."

माझ्यापुढे उत्तर लिहिलेलं होतं. चांगलं दीड पान. पण त्या बाईंच्या तोंडाकडे बघत ते वाचता येईना. मी म्हटलं, "सुचला नाही हो. मला काहीच सुचलं नाही. नायकाचं नाव राज होतं. ते बदलताना कॉम्प्युटरने घराजवळमधला राजसुद्धा उचलला. ही सगळी भाषा म्हणजे माझा हलगर्जीपणा आहे. तुम्ही सगळे भली माणसं आहात, तुम्ही त्यात अर्थ भरलात. मी नुसती बसून टाळ्या घेतल्या."

दादांनी कॅमेरा बंद केला. कुणीतरी म्हणालं, "किती विनम्र आहेत ताई!" दुसऱ्याने विचारलं, "म्हणजे हासुद्धा कादंबरीचा भाग आहे का?" अहो, नाही! मी पडद्यावर फाइल उघडून 'शोधा' करून दाखवलं, तेव्हा कुठे पटलं. एक जण रागावून निघून गेला. मग आणखी दोघं.

पेंगुळबाई मात्र बसून होत्या. म्हणाल्या, "शब्द चुकून आला असेल. पण सगळे पळून जातात आणि ती रुंजकन्या एकटी दार धरून उभी राहते, ते पान वाचून मी भाजी करपवली. ते पण कॉम्प्युटरने लिहिलं का?"

"नाही," मी म्हटलं. "ते मीच."

"मग झालं तर."

मी रडले. सगळ्यांसमोर, नाक पुसत. एवढं बरं मला महिन्याभरात वाटलं नव्हतं. आणि तेवढ्यात खाली अक्षरं उमटली, एकेक करत, फार सावकाश. काकपद. 'चूक कशी झाली हे कळले. ती चूकच होती, हे मात्र सिद्ध झालेले नाही.'

सभा संपल्यावर खोलीबाहेर आले तर सासरे समोर. चष्मा काढून काचा पुसत होते, आणि पुसून पुसूनही डोळे ओलेच.

"धूळ फार आहे तुमच्या खोलीत," मी म्हटलं. "उद्या झाडून घेते."

९ मार्च

ठरलं. शुद्ध केलेली आवृत्ती काढायची. गटात दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, रुंजवळला हात लावाल तर याद राखा. मी सांगितलं, तो शब्द आता तुमचाच आहे, घरात खुशाल वापरा. पण पुस्तकात मला माझं लिहिलेलं हवं. बघू तर खरं, त्यावर किती जण टिकतात. तरी हेच बरोबर आहे.

पुस्तकाचा छापील गठ्ठा घेऊन सासऱ्यांच्या खोलीत गेले. हे फेब्रुवारीतच करायला हवं होतं. "बाबा, मुद्रितं बघाल?"

"डोळे आता पूर्वीसारखे नाहीत," ते म्हणाले. लाल पेन खिशात होतंच, टोपण काढलेलं.

१९ मार्च

सकाळी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवलेला होता. कडा जुळवून, दोऱ्याने बांधून. आज सुट्टी होती, बसून पान न् पान पाहिलं. एकेका पानावर लाल खुणांची जत्रा, पण इतकी स्वच्छ की कुठे खाडाखोड नाही. प्रत्येक रुंजा परत राजा झाला होता, प्रत्येक नारुंज नाराज. माझ्या खऱ्या चुकाही होत्या, ढीगभर, कॉम्प्युटरशी काहीही संबंध नसलेल्या. रुंजकन्या दार धरून उभी राहते त्या पानावर तिची परत राजकन्या केली होती, ती सोडून एकही खूण नव्हती. समासात फक्त पेन्सिलीने बारीक 'छान' लिहून परत खोडलेलं दिसलं.

आणि मग अकरावं प्रकरण. 'संध्याकाळ झाली की रुंज म्हाताऱ्याजवळ येऊन बसे.' वाक्य बरोबर होतं. पहिल्यापासूनच बरोबर होतं, तिथे कॉम्प्युटर पोचलाच नव्हता. त्यातला 'म्हाताऱ्याजवळ' त्यांनी खोडला होता. खाली कावळ्याचा पाय काढला होता आणि वर ठळक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'म्हातारुंजवळ'.

आधी वाटलं, डोळे थकले बिचाऱ्यांचे. ही एक सुटली. पण सुटेल कशी? बाकी पुस्तकात एकसुद्धा सुटलेली नाही. आणि ही तर पानावर नव्हतीच. पुन्हा फाइल उघडली, 'म्हातारुंजवळ' शोधलं. कुठेच नाही. हा शब्द कुठल्याही कॉम्प्युटरने कधीच केला नसता. तो माणसालाच करावा लागला.

मी गठ्ठा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते खिडकीत बसले होते. "बाबा, इथे एक चूक राहिलीय."

त्यांनी पान हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि मला परत दिलं. "राहिली नाही," ते म्हणाले. "घातलीय. नको असेल तर काढ."

लग्न होऊन आले तेव्हापासून एका घरात राहतो आम्ही. या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, एकही घातली नाही, आणि घातली ती माझ्या पुस्तकात. मी खुर्ची ओढली आणि बसले. कितीतरी वेळ. औषध, किल्ली यातलं काही बोललो नाही. त्यांनी मला छापखान्यातले अक्षरांचे शिशाचे खिळे कसे जुळवायचे ते सांगितलं. मी त्यांना दात कसे जुळवायचे ते. सारखंच असतं म्हणाले.

संध्याकाळी बाकी सगळं दुरुस्त करून पुस्तक चढवलं. तो एक शब्द तसाच ठेवला. काकपदलाही कळवलं, "अगं पोरी, तुझी शंका बरोबर होती. त्याचा जीव होता त्या म्हाताऱ्यावर. मलाच माहीत नव्हतं."